सात पदर

संत्रा बर्फीचं पाकीट मी काढलं होतं.
काढलं म्हणजे चित्र नव्हे; फोडी आणि पानं दुसऱ्याची.
मी ठरवले आतले पदर.
बाहेर चकाकी, खाली शाई, मग डिंक,
मग केसाहून बारीक चांदीचा वर्ख, पुन्हा डिंक,
मग वाफ अडवणारा, आणि शेवटी बर्फीला शिवणारा.
सात.
नागपूरच्या मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
पंचेचाळीस दिवस ताजी राहील, अशी हमी.
हिंगण्याच्या कारखान्यात त्या दिवशी पेढे वाटले.
पेढे आणले होते पळसाच्या पानात,
हे मला पुष्कळ उशिरा आठवलं.

मग नियम आला: जेवढं विकाल तेवढं परत न्या.
साहेबांनी एक फॉर्म दिला आणि गाडी दिली
भांडेवाडीपर्यंत.

कौतिकाबाई नेवारे प्लास्टिक कानानं ओळखते.
चुरगळते, ऐकते.
कडकडलं की डावीकडे.
कुजबुजलं की दुधाच्या पिशवीतलं, उजवीकडे, त्याला भाव.
बाटलीचं बूच निराळं, बुचाखालची कडी निराळी,
बाटलीवर चिकटलेला झगा ओढून काढायचा,
तो निघाला नाही तर शिवी, कंपनीला, म्हणजे मला.

माझं पाकीट तिनं कानाशी नेलं आणि खाली घेतलं.
"हे मुकं हाये, साहेब.
कोन्ता पदर पयले सोडू?
तुमीच लावले ना, तं तुमाले ठाऊक असन."

मी नखानं कोपरा खरवडत बसलो.
पंचेचाळीस दिवसांची हमी
नखाखाली सुटेना.

उप्पलवाडीत अश्फाकभाईच्या शेडमध्ये
करडे दाणे, मुठीत घेतले तर अजून कोमट.
पोती छपराला टेकलेली.
तिकडे आखातात तेल उतरलं, म्हणाला,
की इकडे माझं पोतं जागचं हलत नाही.
जुन्याला धुवायला पाणी, वितळवायला वीज, निवडायला माणूस.
नव्याला फक्त जहाज.
आणि सावजी रश्श्याचा वास, तो तर
तीनदा धुतला तरी दाण्यात बसून राहतो,
जावयासारखा.

इतवारीत चांडकशेठनं पाकीट उजेडात धरलं.
"चकाकी गेली तर गिऱ्हाईक म्हणेल माल शिळा."
पुढच्या महिन्यात दंडाची नोटीस आली
तेव्हा शेठला एकाएकी निसर्ग आठवला.
मी हसलो नाही. माझा पगारही
त्याच नोटिशीनं वाचवला होता.

अकरा महिने गेले.
सगळे पदर एकाच आईचे, असं पाकीट करायचं होतं.
यंत्राच्या जबड्यात ते चिकटलं,
मग आखडलं, मग शिवणीतून उसवलं.
धांडेनं तापमान दोन-दोन अंशांनी उतरवलं,
रात्रपाळीला, डबा उघडायचा विसरून.
शेवटी जमलं.
बर्फी अठ्ठावीस दिवस टिकली.

मीटिंगमध्ये एकानं विचारलं,
उरलेले सतरा दिवस कुठे गेले?
कूलरचा आवाज मोठा होता,
मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

परवा नवं पाकीट घेऊन पुन्हा गेलो.
कौतिकाबाईनं ते चुरगळलं, कानाला लावलं.
मागे ट्रक रिता होत होता.
तिनं हात वर करून त्यालाच थांबवलं जणू,
आणि डोळे मिटले.
"बोलते," म्हणाली.
उजवीकडच्या पोत्यात टाकलं.

मी फॉर्म काढला. पेन चालेना उन्हात.
तिनं तेच पाकीट पुन्हा उचललं, तळहातावर तोललं.
"कितीक भरते?"
चार ग्रॅम, मी म्हणालो.
ओठ हलले तिचे, हिशेब लागला.
"म्हंजे किलोले अडीचशे डाव वाकाव लागते.
भाव काय देता?"

फॉर्ममध्ये परत आलेल्या वजनाचा रकाना होता.
वाकण्याचा नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं अडीचशे लिहिलं
आणि त्यापुढे काय लिहायचं
याचा विचार करत
उन्हात उभा राहिलो.